बोटांचे ठसे बघून म्हणाले, "गणित याच्यात नाहीच". बुद्धी खरंच रक्तात असते का?

कोपरखैरणे_सेक्टर१४

नमस्कार. लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगते.

मुलगा सातवीत आहे. गेल्या महिन्यात त्याच्या क्लासवाल्यांनी पालकसभेत एक टेस्ट आणली, डीएमआयटी म्हणतात तिला. एका छोट्या मशीनवर दहाही बोटांचे ठसे घेतात आणि आठ दिवसांनी रंगीत रिपोर्ट देतात. साडेचार हजार रुपये. सगळे करत होते म्हणून मीही केलं. खोटं कशाला बोलू, रिपोर्ट हातात आला तेव्हा बरंही वाटलं. चाळीस पानं, गुळगुळीत कागद, पहिल्याच पानावर मेंदूचं चित्र.

मग त्यांच्या मॅडमनी समोर बसवून समजावलं. गणित आणि तर्क ७.२ टक्के. "हे जेनेटिक असतं ताई, जन्मताच ठरतं, बदलत नाही. उगाच मागे लागू नका, याला स्पोर्ट्सला घाला." मुलगा माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसला होता. त्याला बाहेर पाठवायचं मलाही सुचलं नाही, ती चूक माझी. रिक्षात तो काहीच बोलला नाही. आता गणिताची वही काढली की म्हणतो, "आई, माझ्यात ते नाहीच आहे ना? मग कशाला?" आणि वही मिटून ठेवतो.

घरचं सांगते. मिस्टर माथाडी आहेत, तुर्भ्याला कांदा-बटाटा मार्केटला टोळीत. मी बारावी कॉमर्स, एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलं बनवते. आत्या, म्हणजे सासूबाई, रिपोर्टचं ऐकून लगेच म्हणाल्या, "आपल्यात कोण शिकलंय? बापाचं डोकं घेतलंय पोरानं." मिस्टर हसले, पण त्या रात्री एक भाकरी कमी खाल्ली.

पण माझ्या डोक्यात दुसरंच घोळतंय. आमचे मामा (सासरे) जुन्नरकडचे, चौथीपर्यंत शाळा. उभी हयात पाठीवर गोणी वाहिली, आधी मशीद बंदरला आणि बाजार इकडे आल्यावर तुर्भ्याला. आज त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना विचारा, सतरा गोणी, साडेतीन रुपयांनी वाराई (गोणी चढवायची-उतरवायची मजुरी) किती? तुम्ही मोबाईल काढेपर्यंत उत्तर येतं, "साडेएकोणसाठ." त्यांना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, पाठ आहे. पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचे पाढे, सगळं पाठ आहे. मुकादमाच्या चुका हाच माणूस काढायचा. मग रक्तात असतं म्हणता तर माझ्या मुलाकडे नेमकं कुणाचं रक्त आलं?

रात्री बसून नेटवर शोधलं. एका ठिकाणी लिहिलंय बुद्धी ५० टक्के आनुवंशिक, दुसरीकडे ८० टक्के. याचा अर्थ काय घ्यायचा? अर्धी बुद्धी आमच्याकडून ठरून आली आणि उरलेली अर्धी क्लासने भरायची, असं?

कृपया नुसता धीर देऊ नका. धीर द्यायला शेजारी आहेत. खरं काय ते सांगा.

---

घोडबंदर_टॉवरवाला

ताई, कडू लागेल पण खाण तशी माती. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये डॉक्टरांची मुलं डॉक्टर, सीएंची मुलं सीए. पंचवीस वर्षं बघतोय. मशीनचं माहीत नाही, पण ती मॅडम अगदीच चुकीचं बोलली असं वाटत नाही. स्पोर्ट्स काय वाईट आहे?

---

तळ्याकाठची

टॉवरवाले, डॉक्टरांच्या मुलाला जनुकांबरोबर डॉक्टरांचं घर, त्यांची ओळख आणि मेडिकलची फीसुद्धा वारशातच मिळते. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या साहेबाने १८६९ मध्ये हीच चूक केली होती. नामवंतांचे नातेवाईक नामवंत निघतात, म्हणून प्रतिभा रक्तातून येते, असा सिद्धांत मांडला. इंग्लंडात न्यायाधीशाचा मुलगा कुठल्या घरात वाढतो, हा प्रश्न त्याला फारसा सतावला नाही. डार्विनचा भाऊबंद होता, त्याला स्वतःला काय कमी होतं म्हणा.

आता ताई, तुमच्याकडे वळते. मी ठाण्यात सव्वीस वर्षं मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेतल्या. दोन वर्षांपूर्वी थांबले. आता सकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारते आणि लोकांना नको ते सल्ले देते.

पहिलं, साडेचार हजार. परत मिळालेले मी तरी कुणाला पाहिले नाहीत, पण लेखी मागा.

दुसरं, ठशांवरून बुद्धी कळत नाही. गणिताची नाही, गाण्याची नाही, कसलीच नाही. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही याला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर केलेलं आहे. ठसे आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उमटू लागतात आणि मेंदूही त्याच दिवसांत घडत असतो, एवढ्याशा धाग्यावर हा सगळा डोलारा उभा केलाय. डाउन सिंड्रोमसारख्या काही जन्मजात स्थितींत तळहाताच्या रेषा वेगळ्या दिसतात हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. पण त्यावरून धडधाकट पोराचं गणित ७.२ टक्के काढायचं? तो दशांश चिन्हानंतरचा दोन बघून मला हसूच आलं. आणि हे बघा, एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखी असतात, ठसे मात्र सारखे नसतात. म्हणजे अशी दोन जुळी पोरं त्या मशीनसमोर बसवली तर दोन निराळे रिपोर्ट येणार. मग "जेनेटिक" गेलं कुठे? अशी एक जोडी क्लासवाल्यांकडे पाठवून द्यायची माझी फार इच्छा होती, राहूनच गेली.

खऱ्या चाचणीत मूल काहीतरी सोडवतं. तुमच्या पोराने त्या दिवशी काय सोडवलं? बोट टेकवलं. एवढ्यावर तरी पालकांना शंका यायला हवी होती, पण रंगीत मेंदू बघितला की भलेभले गप्प बसतात. तुम्ही एकट्या नाही.

खऱ्या चाचणीची गोष्टही ऐका. १९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी सिमाँ यांनी पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना जास्तीची मदत देता यावी म्हणून. बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेला, न हलणारा आकडा आहे असं म्हणणाऱ्यांवर बिने स्वतः तुटून पडला होता. पुढे ती अमेरिकेत गेली आणि तिचा वापर बरोबर उलटा झाला. आपल्याकडे कामत यांनी १९३४ मध्ये धारवाडला ती कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. बिने-कामत चाचणी. मी आयुष्यभर तीच पेटी उघडली. लाकडी ठोकळे, चित्रं, मणी. एकेका मुलाबरोबर तास-दीड तास.

आणि इतकं करूनही हाती येतो तो त्या दिवसाचा आकडा. वागळे इस्टेटकडचा एक मुलगा होता. पहिल्या वेळी बापाच्या ऑपरेशनची रात्र जागून आला होता. सहा महिन्यांनी परत बसवला तर अकरा गुण जास्त. तेवढ्यात त्याची जनुकं बदलली नव्हती.

आता तुमचे ५० टक्के. हा आकडा एका मुलाबद्दल नसतोच. इथेच सगळे अडखळतात, शिकलेसवरलेलेसुद्धा. पाण्याचं उदाहरण देते, ते आपल्याकडे पटकन कळतं.

माझी बहीण नेरुळला राहते. इमारतीत दिवसभर पाणी, जोर भरपूर. एका घरात बादली दोन मिनिटांत भरते, शेजारी चार मिनिटं लागतात. फरक कशाचा? नळाचा. एकाचा नळ चांगला, दुसऱ्याचा क्षार धरलेला. माझी भाची दिव्याला राहते. तिच्याकडे पाणी ठरल्या वेळी तेवढं येतं. तिथे कुणाची बादली भरणार हे मजला कितवा, मोटर कुणाची आणि पहाटे कोण उठलं यावर ठरतं. पितळी नळ लावा नाहीतर प्लास्टिकचा, उन्नीस-बीस. आता मी विचारलं, बादल्या भरण्यातल्या फरकात नळाचा वाटा किती टक्के? नेरुळला म्हणाल ऐंशी, दिव्याला म्हणाल दहा. नळ तेच. आणि एकच बादली पुढे ठेवून "यातलं किती पाणी नळाचं आणि किती टाकीचं" विचारलंत तर प्रश्नच वेडा.

जनुकं म्हणजे नळ. ५० किंवा ८० टक्के हे एका समाजातल्या, एका काळातल्या लोकांमध्ये जो फरक दिसतो त्याबद्दलचं विधान आहे. हे मी मनाने सांगत नाही. अमेरिकेत एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास छापला. सधन घरांतल्या मुलांच्या बुद्ध्यंकातला (आयक्यू, म्हणजे बुद्धिचाचणीचा आकडा) फरक बराचसा जनुकांशी जुळत होता. गरीब घरांत जनुकांचा वाटा जवळजवळ शून्य, आणि साधारण ६० टक्के फरक घरच्या परिस्थितीचा.

आता तुमचे मामा. त्यांच्याबद्दल वाचून मला जेम्स फ्लिन आठवले, न्यूझीलंडला प्राध्यापक होते. त्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की पिढ्यान्पिढ्या लोकांचे बुद्ध्यंक चढत गेलेत, अमेरिकेत तर दर दहा वर्षांना साधारण तीन गुण. दोन-तीन पिढ्यांत जनुकं काही एवढी बदलत नाहीत. फ्लिन म्हणायचे, बदलली ती विचार करायची सवय. आमच्या चाचण्यांत "या दोन गोष्टींत सारखं काय" असे प्रश्न असतात. मामांना विचारून बघा, कांदा आणि बटाटा यांत सारखं काय? शाळेत मुरलेलं पोर म्हणेल, "दोन्ही भाज्या." पूर्ण गुण. मामा काहीतरी वेगळंच, कदाचित जास्त खरं सांगतील, आणि आमच्या उत्तरपत्रिकेत त्याला अर्धा गुणही नसेल. त्यांची औटकी मोजायला माझ्या पेटीत काहीच नव्हतं. खरं सांगायचं तर याची मला नोकरीत असताना कधी लाजही वाटली नाही.

एकच विचारते, त्याचं उत्तर मात्र नीट आठवून द्या. मुलाचं गणित *नेमकं कधी* घसरलं? कुठल्या इयत्तेत, कुठल्या धड्याला?

---

रबाळे_लॅब

मी एम.एस्सी. बायोटेक, एमआयडीसीत एका लॅबमध्ये डीएनएचंच काम करतो. डीएमआयटीबद्दल मावशींशी शंभर टक्के सहमत, तो शुद्ध धंदा आहे. पण ताईंनी धीर नको, खरं सांगा म्हटलंय, म्हणून दुसरी बाजूही यायला हवी. मावशींनी जनुकांना जरा स्वस्तात सोडलं.

आधी या विषयातला सगळ्यात बदनाम किस्सा. सर सिरिल बर्ट, लंडनचे मोठे मानसशास्त्रज्ञ. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या (जनुकं तीच, घरं निराळी) बुद्धीवर त्यांनी तीन वेळा आकडे छापले. जोड्या वाढत गेल्या, शेवटी १९६६ ला ५३ झाल्या. सहसंबंध, म्हणजे जोडीतल्या दोघांचे गुण किती जुळतात त्याचं माप, मात्र तिन्ही वेळा ०.७७१. तिसऱ्या दशांशापर्यंत तोच! आमच्या लॅबमध्ये कुणी असा डेटा आणला तर क्वालिटीवाले त्याला चहासुद्धा पिऊ देणार नाहीत. लिऑन केमिन यांनी ते उघड केलं १९७४ ला. तोवर बर्ट वारले होते.

पण पुढचा भाग लोक सांगत नाहीत. १९७९ पासून अमेरिकेत मिनेसोटाला थॉमस बुशार्ड यांनी लहानपणीच वेगळ्या झालेल्या जुळ्यांचा खराखुरा अभ्यास केला, शंभरावर जोड्या, प्रत्येकाची आठवडाभर तपासणी. १९९० ला निष्कर्ष छापला, बुद्ध्यंकातल्या फरकापैकी साधारण ७० टक्के जनुकीय फरकाशी निगडित. म्हणजे बर्टच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवू नये, पण आकडा जवळपास तिथेच आला. (या जुळ्यांना घेणारी घरं बहुतेक बरी खातीपिती होती, म्हणजे मावशींच्या भाषेत सगळी नेरुळची.)

दुसरं, सगळ्यांना वाटतं वय वाढलं की संस्काराचा भाग वाढतो. उलट होतं. २०१० मध्ये चार देशांतल्या ११ हजार जुळ्यांच्या जोड्यांचा एकत्र अभ्यास आला. जनुकांचा वाटा ९ व्या वर्षी ४१ टक्के, १२ व्या वर्षी ५५, १७ व्या वर्षी ६६. कारण बहुधा असं की मूल मोठं होतं तसं आपलं वातावरण आपणच निवडायला लागतं. वाचायची आवड असलेलं पोर लायब्ररी शोधतं, माझ्यासारखं टर्फवर जातं.

आणि टर्कहायमर यांचा निष्कर्ष सगळीकडे टिकला नाही. २०१६ मध्ये टकर-ड्रॉब आणि बेट्स यांनी सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा तो परिणाम अमेरिकेत दिसला, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात दिसला नाही.

आता माझ्या कामाचं. डीएनए बघून बुद्धी सांगता येते का? २०१८ ला ११ लाख लोकांचा डीएनए तपासला, शिक्षण किती झालं याच्याशी जोडलेल्या डीएनएवरच्या १,२७१ जागा सापडल्या. एकेका जागेचा परिणाम चिमूटभर. सगळ्या मिळून शिक्षणातल्या फरकाचा ११ ते १३ टक्के भाग सांगता आला, बुद्धिचाचणीच्या गुणांचा ७ ते १०. तोही युरोपीय वंशाच्या लोकांत. आपल्यावर लावला तर आणखी कमी पडतो. म्हणजे करोडो रुपयांच्या मशीनला जे एका मुलाबद्दल सांगता येत नाही ते ठसेवाल्यांना साडेचार हजारात येतं. मी तिकडेच नोकरी धरावी म्हणतो.

त्याच वर्षी आइसलँडहून एक अभ्यास आला, तो मला फार आवडतो. आईबापांची जी जनुकं मुलाकडे *आलीच नाहीत*, त्यांचाही मुलाच्या शिक्षणावर परिणाम दिसला, आलेल्या जनुकांच्या सुमारे ३० टक्के इतका. कसा? आईबाप जसे असतात तसं घर करतात, आणि मूल त्या घरात राहतं. तेव्हा नळ आणि टाकी असं स्वच्छ वेगळं काढताच येत नाही, मावशी. काही घरांत नळच टाकी भरतो.

ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर, मुलामुलांत जन्मतः फरक असतात. माझा सख्खा भाऊ आणि मी एकाच खोलीत अभ्यास केला, तो आयआयटीला गेला, मी नाही. ते मान्य करायला मला दहा वर्षं लागली. पण तुमच्या मुलात काय आहे हे आज कुणालाच माहीत नाही. तुम्हालाही नाही.

---

कळव्याचा_बाबा

मध्येच घुसतो. आमची मुलगी दत्तक आहे, आता एकोणीस वर्षांची. ती अडीच वर्षांची असताना घरी आली तेव्हा माझ्या चुलत्यांनी जेवणाच्या पंगतीत विचारलं होतं, "रक्त कुणाचं काय, कळलं का काही?" मी ताट सरकवून उठलो होतो.

लॅबवाल्या दादांचं वाचून सांगतो, ते वयाबरोबर वाढतं म्हणतात ते मी घरात पाहिलंय. लहानपणी ती आमचीच कॉपी होती, हिच्यासारखी शब्दकोडी सोडवायची. चौदाव्या वर्षापासून जे काय बाहेर पडायला लागलं ते आमच्या दोघांत कुठेच नाही. हातात पेन्सिल घेतली की समोरच्याचा चेहरा जसाच्या तसा. मला सरळ रेघ येत नाही. राग मात्र माझ्या आईचा, तंतोतंत, आणि माझी आई तर ती यायच्या आधीच गेली होती! म्हणजे तो माझ्यातून गेला असणार, मला कबूल नसलं तरी.

फ्रान्समधला एक अभ्यास मी तेव्हा उराशी धरला होता, १९९९ चा, मिशेल द्युईम यांचा. चार ते सहा वर्षांची, आधी हाल झालेली मुलं, बुद्ध्यंक ८६ च्या खाली. दत्तक गेल्यावर किशोरवयापर्यंत साध्या घरांत साधारण ८ गुण वाढले, सधन घरांत साडेएकोणीस. दोन्हीकडे वाढले. कोण कुणाच्या पुढे-मागे याचा क्रम कदाचित जनुकांनी ठरत असेल, पण सगळी रांगच वर सरकू शकते. पंगतीत मला हे बोलायला सुचलं असतं तर बरं झालं असतं.

---

घोडबंदर_टॉवरवाला

बरं बाबा, ठशांचं मागे घेतो. माझ्या मुलीचंही केलं होतं. तिला "नेतृत्व ९१ टक्के" आलं म्हणून मी फ्रेम करणार होतो.

---

तळ्याकाठची

टॉवरवाले, कळलं. चांगला रिपोर्ट आला की मशीन चांगलं!

लॅबवाल्या, आइसलँडचं मला माहीत नव्हतं. "नळच टाकी भरतो" हे मी चोरणार. टर्कहायमरबद्दलही बरोबर बोललास, तेवढं मी झाकून ठेवलं होतं. पण एक बघ, युरोपात तो परिणाम दिसला नाही याचं एक कारण असंही सुचवतात की तिथे गरिबालाही दवाखाना आणि शाळा बरी मिळते. म्हणजे तिथे सगळ्यांचंच नेरुळ. आपलं कुठे बसतं ते तूच ठरव.

शाळेवरून आठवलं. २०१८ लाच रिची आणि टकर-ड्रॉब यांनी सहा लाखांवर लोकांची माहिती एकत्र केली. शाळेचं प्रत्येक जास्तीचं वर्ष बुद्ध्यंक १ ते ५ गुणांनी वाढवतं. एवढं साधं, एवढं स्वस्त काहीच नाही. आणि ते ठसे न घेता होतं.

ताई कुठे आहेत?

---

कोपरखैरणे_सेक्टर१४

आहे, आहे. मार्च एंडिंग होतं, रात्री साडेनऊला घरी पोचत होते.

मावशी, तुमचा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आणि जुनी प्रगतिपुस्तकं काढली. चौथीपर्यंत गणितात ब वर कधी गेला नाही, पण कच्चाही नव्हता. पाचवीत आम्ही त्याला मराठी माध्यमातून सेमी-इंग्लिशला घातलं. सगळे घालत होते. (हे वाक्य मी दुसऱ्यांदा लिहितेय, बघा.) घसरण तिथूनच. मी त्याला जवळ बसवून विचारलं, तीन छेद चार म्हणजे काय? भाकरी काढून दाखवली त्याने, चारातले तीन तुकडे. मग पुस्तकातलं वाक्य वाचायला लावलं, न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, इक्विव्हॅलंट. गप्प. अंश आणि छेद यांनाच ते म्हणतात हे त्याला दोन वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा त्याचं लक्ष नव्हतं. मी पण कधी विचारलं नाही. मला वाटायचं क्लास लावलाय.

आता आम्ही भिंतीवर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला दोन रकाने केलेत. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. छत्तीस झालेत.

मामांना मी तो प्रश्न विचारला. कांदा आणि बटाटा, सारखं काय? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की सूनबाईंना झालंय काय. म्हणाले, "सारखं? पन्नास किलो." आणि परत पेपर वाचायला लागले. आता याला किती गुण देता मावशी?

त्यांनी पोराला दिडकी शिकवायला घेतलीय, संध्याकाळी ग्रिलपाशी बसून. मामा म्हणतात, "तेराची दिडकी साडेएकोणीस," आणि तो वहीत तीन छेद दोन गुणिले तेरा करून बघतो की म्हातारा खरं बोलतोय का. आजवर एकदाही चूक सापडली नाही, त्यामुळे चिडलाय. परवा पेपर होता, वीसपैकी नऊ. आधी सहा होते. वही अजूनही मिटतो, पण आता थोडं भांडून मिटतो. त्याच्यात गणित किती आहे मला माहीत नाही, लॅबवाल्या भाऊ. पण निदान ते बघायला तो बसला तरी पाहिजे.

पैसे परत मागायला गेले होते. म्हणाले, पॉलिसी नाही. लेखी दिलंय, पोच घेतलीय. रिपोर्ट फाडून टाकणार होते, मिस्टरांनी फाडू दिला नाही. म्हणाले, कागद चांगला आहे. आता तो किचनच्या फडताळात डब्यांखाली अंथरलाय. मेंदूवर हळदीचा डबा.

आता एक काम सांगा. मामांना सगळं तोंडपाठ आहे पण पाऊणकीत मध्येच एखादा आकडा निसटतो आणि ते कबूल करत नाहीत. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी छापलेली जुन्या पद्धतीची अंकलिपी कुठे मिळेल? वाशीत तीन दुकानं पालथी घातली. सगळीकडे ॲबॅकसची पुस्तकं पुढे करतात.

---

तळ्याकाठची

मामांना पूर्ण गुण, माझ्या अधिकारात.

अंकलिपी माझ्याकडे आहे, भावाची, कव्हर गेलंय पण औटकीचं पान शाबूत आहे. उद्या झेरॉक्स काढते. बहिणीकडे शनिवारी येतेच आहे, नेरुळ स्टेशनला सव्वापाचपर्यंत पोचेन. पोराला घेऊन या. ठोकळ्यांची पेटी आणणार नाही, घाबरू नका म्हणावं.